सायटेशनचे आकडे कसे वाचावेत?

इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करायची ठरली, की विद्यार्थी गूगल स्कॉलर उघडतात, मार्गदर्शकाचा एच-इंडेक्स बघतात आणि आकडा मोठा दिसला की अर्ज टाकतात. ज्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवायची, तिची पारख इतक्या घाईने करू नका. एक अख्खी दुपार राखून ठेवा आणि पुढच्या क्रमाने जा.

१. यादी त्याच व्यक्तीची आहे का?
पबमेडवर ‘एस. पाटील’ असे शोधले, तर कितीतरी पाटलांचे शोधनिबंध एकत्र येतात. उलट, लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते. संशोधकाची ओळख ठरवणारा ऑर्किड क्रमांक असेल तर त्यावरून यादी काढा; नसेल तर संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा.

२. एच-इंडेक्स एकदा हाताने काढा.
भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये ही पद्धत सुचवली. जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन आहेत, तो सर्वांत मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा आकडे असे आहेत: १२०, ४५, ३०, ९, ६, ५, २. पाचव्या निबंधाला ६ सायटेशन आहेत, सहाव्याला मात्र ५च. म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाला १२० ऐवजी १,२०० मिळाली असती, तरी तो ५च राहिला असता. शिवाय हा आकडा कधी घटत नाही, त्यामुळे नव्या संशोधकाची ज्येष्ठांशी तुलना करू नका. एकाच सुमारास काम सुरू केलेल्या दोघांची तुलना करा, तीही एकाच डेटाबेसवरून. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही मोजते, म्हणून तिथला आकडा स्कोपस या डेटाबेसपेक्षा सहसा मोठा असतो.

३. लेखकांचा क्रम बघा.
जीववैद्यकीय निबंधात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते. मार्गदर्शकाचे नाव शेवटी असलेले निबंध वेगळे काढा आणि त्यांत पहिले नाव कोणाचे आहे ते पाहा. तिथे विद्यार्थ्यांची नावे वारंवार दिसली, तर ती तुमच्यासाठी चांगली खूण आहे.

४. मूळ संशोधन आणि आढावा वेगळे करा.
आढावा-लेखांना सायटेशन भरपूर मिळतात, पण त्यांत सहसा नवा प्रयोग नसतो. स्कोपसमध्ये स्वतःच्याच कामाचे दिलेले संदर्भ वगळून आकडा पाहता येतो, तोही पाहा.

५. वर्षनिहाय आलेख वाचा.
कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा निबंध २००५ मध्ये ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात आला. आरएनएतील युरिडिनऐवजी स्यूडोयुरिडिनसारखे बदललेले घटक वापरले, तर टोल-लाइक रिसेप्टर चेतत नाहीत आणि दाहक प्रतिक्रिया टळते, हे त्यात दाखवले होते. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे कोविडच्या एमआरएनए लशी याच तत्त्वावर उभ्या राहिल्या आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. पहिल्या काही वर्षांचे सायटेशन पाहून कोणी या कामाचे मोल ठरवले असते, तर केवढी चूक झाली असती! म्हणून आलेख सपाट दिसला तरी निबंध बाजूला सारू नका.

६. नियतकालिकाच्या नावावर गुण देऊ नका.
इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नव्हे. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची ती सरासरी; मोजक्या गाजलेल्या निबंधांनी ती वर चढते. संशोधकाला या मापाने तोलू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ मध्येच बजावले आहे.

७. शेवटी दोन निबंध पूर्ण वाचा.
एक सर्वाधिक सायटेशनचा, एक अगदी अलीकडचा. प्रयोग उंदरांवर आहे की मानवी पेशींवर? कंट्रोल पुरेसे आहेत का? इतर प्रयोगशाळांना तोच निष्कर्ष मिळाला का? संदर्भ देणाऱ्या निबंधांपैकी चार-पाच उघडा. सायटेशन एखाद्या निष्कर्षाला खोडून काढण्यासाठीही दिलेले असते. निबंध मागे घेतला असेल तर पबमेडवर तशी सूचना असते, तीही तपासा.

मग अर्ध्या पानाचे टिपण लिहा: या प्रयोगशाळेने कोणता प्रश्न सोडवला, त्यात विद्यार्थ्यांचा वाटा किती, पुढचा प्रश्न कोणता. हे टिपण आकड्यांशिवाय लिहिता आले, तरच अर्ज करा. मुलाखतीत तेच उपयोगी पडेल.