क्षयाचा कोर्स आधी, एचआयव्हीची औषधं नंतर?

प्रश्न : भावाला एचआयव्ही आणि फुप्फुसाचा क्षय यांचं निदान एकदमच झालं. क्षयाच्या गोळ्यांनी मळमळतं, लघवी केशरी होते. हा सहा महिन्यांचा कोर्स संपल्यावर एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू केली तर चालेल? – एक वाचक, सटाणा

उत्तर : नाही, इतकं थांबू नका. डर्बनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2010मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयाचे उपचार चालू असतानाच एआरटी दिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण, ते संपल्यावर देण्याच्या तुलनेत, 56 टक्क्यांनी कमी होतं. म्हणून आता क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांतच एआरटी सुरू करतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र जरा थांबतात. दोन्ही औषधं एकमेकांना मारक ठरतील, अशी शंका येणं रास्त आहे. क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे एआरटीतलं डोल्युटेग्राव्हिर शरीरात लवकर निकामी होतं. पण त्यावर उपाय आहे : बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची 50 मिलिग्रॅमची जादा गोळी, रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही दोन आठवडे. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा.

केशरी लघवी रिफाम्पिसिनचीच. ती निरुपद्रवी आहे. क्षयाच्याच आयसोनियाझिड या औषधामुळे पायांना मुंग्या येऊ शकतात, त्यासाठी पायरिडॉक्सिन देतात. डोळे पिवळे होणं, उलट्या न थांबणं किंवा एथांब्युटॉल या क्षयाच्या औषधामुळे नजर अंधुक होणं, रंग नीट न ओळखणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. एआरटीनंतर ताप किंवा गाठी वाढल्या तर औषध लागू पडलं नाही असं समजू नका. सावरणारी प्रतिकारशक्तीही असा दाह करते. तपासणी मात्र हवीच, आणि गोळ्या मनानं थांबवू नका.