पगार स्लिपमधले १०५ रुपये : कामगार विमा आपण समजून घेऊ या



आमची शाळा औद्योगिक वसाहतीला लागून आहे. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आई-वडील कंपनीत जातात, बरेचसे ठेकेदाराकडे. सहावीच्या वर्गावर शेकडेवारी चालू होती. पुस्तकातली उदाहरणं संपल्यावर मी मुलांना सांगितलं, "उद्या घरातून असा एखादा कागद आणा, ज्याच्यावर शेकडेवारीचं गणित करता येईल." कुणी किराणाचं बिल आणलं, कुणी विजेचं. एका मुलाने वडिलांची पगार स्लिप आणली.

स्लिपवर एकूण पगार १४,००० रुपये होता आणि कपातीत एक ओळ होती, ई.एस.आय. १०५ रुपये. आम्ही फळ्यावर गणित केलं. १०५ भागिले १४,०००, गुणिले १००. उत्तर आलं ०.७५ टक्के, म्हणजे शंभराला पाऊण रुपया. मुलाने विचारलं, "मॅडम, हे पैसे कशाचे कापतात?" मी म्हटलं, "दवाखान्याचे असतात." त्यावर तो म्हणाला, "पण पप्पांचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा तर आईने गंठण गहाण ठेवलं."

वर्ग गप्प झाला आणि खरं सांगायचं तर मीही. कारण याच्यापुढचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं आणि त्या कुटुंबासोबत जाऊन पाहिलं, ते या लेखात मांडते आहे. कंपनी भागातल्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल असं वाटतं.

१. हा विमा आला कुठून?

पूर्वी कामगाराला अपघात झाला तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे भरपाई मालकाने द्यायची असे. बाळंतपणासाठी मुंबई प्रांतात १९२९ साली कायदा झाला. त्या विधेयकाला मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. पण दोन्ही ठिकाणी अडचण एकच होती. सगळा खर्च एकट्या मालकावर. त्यामुळे अपघात लपवावा किंवा बाईला कामावरच घेऊ नये असा मोह मालकाला होणारच.

विम्याने हे गणित बदललं. सगळ्या मालकांनी आणि कामगारांनी दरमहा थोडं थोडं एका फंडात टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून मिळायचं. अगदी आपल्या भिशीसारखं, फक्त इथे नंबर लागतो तो अडचणीचा. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे अशी योजना तयार करण्याचं काम सोपवलं गेलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली इथून योजना सुरू झाली.

आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला आहे. योजना मात्र चालूच आहे.

२. कुणाला लागू आणि किती कापतात?

१० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना ही योजना लागू होते. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगार त्यात येतो (अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे). १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के आहे.

आमच्या स्लिपचं गणित असं :
- कामगाराचे : १४,००० चे ०.७५ टक्के = १०५ रुपये
- मालकाचे : १४,००० चे ३.२५ टक्के = ४५५ रुपये
- दरमहा एकूण : ५६० रुपये

मालकाचा वाटा स्लिपमधून कामगाराच्या पगारातून वळता करायचा नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. रोजचा सरासरी पगार १७६ रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा वाटाही माफ असतो, मालकाला मात्र भरावाच लागतो.

मुलांना हे सांगताना मी एक वाक्य मुद्दाम फळ्यावर लिहिलं : "हे मालकाचे उपकार नाहीत आणि सरकारी मदतही नाही. हे आधी पैसे भरून घेतलेलं हक्काचं संरक्षण आहे."

३. बदल्यात काय मिळतं?

रोजचा सरासरी पगार ४६० रुपये धरून उदाहरणं देते, म्हणजे पालकांना समजावणं सोपं जातं.

(अ) औषधोपचार : नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला. नवरा किंवा बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील यात येतात.

(आ) आजारपणाची रजा : पगाराच्या ७० टक्के, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. ४६० चे ७० टक्के म्हणजे रोजचे ३२२ रुपये. ९१ दिवसांचे झाले २९,३०२ रुपये. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, जास्तीच्या अटी पूर्ण झाल्यास, ८० टक्के दराने पुढेही मिळतं.

(इ) कामावरचा अपघात : काम करता येत नाही तोपर्यंत ९० टक्के, म्हणजे रोजचे ४१४ रुपये. कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात पुढेही रक्कम मिळते. अपघातासाठी किती दिवस वर्गणी भरली ही अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

(ई) बाळंतपण : २६ आठवडे पूर्ण पगार. (दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे.)

(उ) कामावरच्या अपघातात मृत्यू झाल्यास कुटुंबाला दरमहा लाभ.

४. गाडी अडते कुठे?

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी हे सगळं लागू होतं. तरीही त्याच्या आईला सोनं गहाण ठेवावं लागलं. कारणं शोधली तेव्हा कळलं की कायदा मोठा असला तरी तो छोट्या छोट्या कागदांवर उभा आहे.

पहिलं कारण, अपघात नोंदवलाच नव्हता. ठेकेदाराच्या माणसाने खासगी दवाखान्यात नेलं, पहिल्या दिवसाचं बिल भरलं आणि "बाकीचं नंतर बघू" म्हणाला. कंपनीतल्या अपघात नोंदवहीत ओळ नाही, विमा कार्यालयात कळवलेलं नाही. मग तो अपघात कामावर झाला हे दाखवायचं कसं?

दुसरं, कुटुंबाची नावं चढवलेली नव्हती. विमा क्रमांकाखाली फक्त वडिलांचं नाव. बायको-मुलं कागदावर नाहीत, म्हणजे दवाखान्यातही नाहीत.

तिसरं, विमा क्रमांक घरात कुणालाच माहीत नव्हता. हा १० अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच ठेवायचा असतो. पण प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे नवा क्रमांक काढला गेला तर आधीची वर्गणी हिशोबात धरली जात नाही.

चौथं कारण त्यांच्या बाबतीत नव्हतं, पण खूप जणांचं असतं. ते म्हणजे ७८ दिवस. आजारपणाच्या रजेसाठी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो आणि ऑक्टोबर-मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. ठेकेदाराने मध्येच ब्रेक दिला किंवा हजेरी कमी दाखवली की ही अट मोडते. आपल्याकडे मुलाची हजेरी कमी भरली की कसं होतं, तसंच.

इथे कायदा काय म्हणतो ते पालकांना माहीत असायला हवं. ठेक्यावरच्या कामगाराची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची आहे. तिने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. पगारातून कापून घेतलेली वर्गणी भरलीच नाही तर तो साधा विलंब नसून गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा आहे. मालकाने पैसे भरले नाहीत म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळ तो लाभ कामगाराला देऊन मालकाकडून वसुली करू शकतं.

न्यायालयांनीही बाजू स्पष्ट केली आहे. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २००७ मध्ये किशोर लाल यांच्या खटल्यात सांगितलं की विमा रुग्णालयात हलगर्जीपणा झाला तर कामगार ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, कारण त्याने वर्गणी भरलेली आहे. फुकट उपचार घेतो म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

५. आपली प्रतिपूर्ती, खासगी मेडिक्लेम आणि हा विमा

आपण जिल्हा परिषदेचे शिक्षक आजारी पडलो तर आधी खिशातून खर्च करतो आणि मग वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल सादर करतो. बिल मंजूर होईपर्यंत उसनवारीवर चालवावं लागतं हे आपण जाणतोच. कामगार विम्यात मात्र उपचार थेट मिळायला हवेत. आधी पैसे भरायचे ही पद्धतच नाही. जिवावरच्या तातडीत दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर प्रतिपूर्ती मागता येते, पण ती सरकारी दरांच्या मर्यादेत मिळते.

ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे त्यांना काही कंपन्या गट मेडिक्लेम देतात. तो चांगलाच, पण त्यात आजारपणातला पगार मिळत नाही आणि सहसा नोकरी सुटली की संरक्षणही संपतं.

इथे एक धोरणाचा प्रश्न आहे. २१,००० ची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तीच आहे. तेवढ्या काळात महागाई वाढली, पगारही थोडे वाढले. आता एखाद्याचा पगार २१,५०० झाला की चालू सहामाही संपल्यावर तो योजनेबाहेर जातो. कंपनीचा मेडिक्लेम नसेल तर पगारवाढीच्या आनंदात घरातलं संरक्षण गेलेलं असतं आणि ते कळतं दवाखान्यात गेल्यावर. मर्यादा ठरावीक काळाने आपोआप वाढायला हवी असं मला वाटतं.

६. पालक सभेत सांगण्यासारखं

१. पगार स्लिप मागून घ्या आणि जपून ठेवा. ई.एस.आय.ची ओळ बघा.
२. विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा, बायको-मुलांनाही सांगा.
३. कुटुंबातल्या सगळ्यांची नावं चढली आहेत का ते तपासा. नवीन बाळाचं नाव लगेच घाला.
४. नोकरी बदलली तर जुनाच क्रमांक द्या.
५. अपघात कितीही छोटा असो, नोंदवहीत लिहून घ्या. सोबत कोण होतं त्यांची नावं लक्षात ठेवा.
६. औषधांची बिलं, केस पेपर फेकू नका.
७. अडचण आली तर विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

७. वर्गासाठी स्वाध्याय

१. पगार १२,००० रुपये असेल तर कामगाराची आणि मालकाची वर्गणी किती? (९० आणि ३९०)
२. एप्रिल ते सप्टेंबर १८३ दिवस. ७८ दिवस म्हणजे किती टक्के? (सुमारे ४२.६)
३. रोजचा सरासरी पगार ५०० रुपये. अपघातामुळे २० दिवस काम बंद. रक्कम किती? (४५० × २० = ९,०००)
४. चर्चा : अपघात लपवल्याने कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान?

एक काळजी मात्र घ्या. पगार स्लिप वर्गात फिरवू नका. मी पहिल्या दिवशी ती चूक केली. कुणाच्या वडिलांना किती पगार आहे हे सगळ्या मुलांना कळायची गरज नाही. आता मी आकडे बदलून फळ्यावर लिहिते.

त्या मुलाच्या घरचं सांगायचं राहिलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या आई-वडिलांसोबत शाखा कार्यालयात गेले. क्रमांक सापडला, दोन वर्षांची वर्गणी जमा होती. कुटुंबाची नावं आता चढली आहेत आणि आईचे बीपीचे औषधोपचार विमा दवाखान्यात सुरू झाले आहेत. अपघाताचा अर्ज कागदपत्रांसह दिला आहे, त्याचा निर्णय अजून यायचा आहे. गंठण अजून सोडवलेलं नाही. परत येताना त्याची आई म्हणाली, "मॅडम, आम्हाला वाटायचं तो टॅक्स आहे."

आपल्या वर्गातल्या किती घरांत असंच वाटत असेल, हे पुढच्या पालक सभेत एकदा विचारून बघा.