शाळा सुटल्यानंतरचे तीन महिने : घर दुरावलेल्या किशोरांचे अर्थसाह्य

मोताळा हा बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालचा तालुका. दहावी वा बारावी उत्तीर्ण झालेल्या येथील मुलापुढे पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला की त्याचे उत्तर पुष्कळदा गावाबाहेर शोधावे लागते. कोणी राजूर घाट चढून बुलढाण्यास जातो, कोणी मलकापूर वा खामगाव गाठतो, तर कोणी थेट अकोल्यास. कपाशी, सोयाबीन आणि मका यांवर चालणाऱ्या घरात हा खर्च सोपा नसतो; तथापि उसनवारी करून, प्रसंगी दागिना मोडून तो निभावला जातो. निभावतो, कारण मागे घर उभे असते. ज्या मुलामागे घरच उभे नाही, त्याने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

अशी मुले सर्वस्वी अनाथ असतात असे नव्हे. आई वारल्यावर वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि मुलगा मामाकडे राहिला. आईवडील विभक्त झाले आणि दोघांनीही मुलाची जबाबदारी टाळली. कामासाठी परमुलखात गेलेले वडील परतलेच नाहीत. दारूपायी होणाऱ्या मारहाणीला कंटाळून मुलाने घर सोडले. शिक्षणासाठी लग्न नाकारणाऱ्या मुलीला घराचे दार बंद झाले. पालक हयात आहेत, सातबाऱ्यावर नाव आहे, शिधापत्रिकेवरही नाव आहे. मात्र आधार नाही. कागद सांगतो एक आणि वस्तुस्थिती असते दुसरी. शासकीय साह्य मात्र कागदावरूनच मिळते.

शाळेत असेपर्यंत ही उणीव फारशी जाणवत नाही. प्राथमिक वर्गांत दुपारचे जेवण आणि पाठ्यपुस्तके मिळतात, शुल्क नाममात्र असते, आणि ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस. टी. च्या प्रवासाची मोफत सवलत आहे. खरी कसोटी लागते ती शाळा सुटून पुढील प्रवेश पक्का होईपर्यंतच्या काळात. २०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. अकरावीचे प्रवेश त्या वर्षापासून राज्यभर ऑनलाइन पद्धतीने झाले आणि वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले. हे तीन महिने शाळेचेही नव्हेत आणि महाविद्यालयाचेही नव्हेत. याच अवधीत दाखले काढावयाचे, अर्ज भरावयाचे, शुल्क द्यावयाचे, खोली पाहावयाची. शिष्यवृत्तीचा पैसा प्रवेश झाल्यानंतर, हजेरी व पडताळणी होऊन, म्हणजे आणखी काही महिन्यांनी खात्यावर येतो. दरम्यान मृगाचा पाऊस पडतो, शेतात कामे निघतात आणि रोजची मजुरी हाती येऊ लागते. हाती आलेला पैसा सोडून, पुढे केव्हातरी येणाऱ्या पैशाच्या भरवशावर परगावी जाण्याचे धाडस सोळा-सतरा वर्षांच्या पोराने एकट्याने करावे, अशी अपेक्षा आपण नकळत बाळगून असतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी ही जुन्या काळची परिचित गोष्ट होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांना दिलेला आश्रय, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजविलेली स्वावलंबी शिक्षणाची पद्धती, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांनी काढलेले श्रद्धानंद छात्रालय, पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती, या सर्वांनी एक गोष्ट ओळखली होती : गरीब विद्यार्थ्याला शुल्कमाफीच्या आधी राहण्याची जागा आणि दोन वेळचे जेवण लागते. आजच्या योजनांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

कायद्याची बाजू प्रथम पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा केवळ अनाथांसाठी आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. पालकांनी टाकून दिलेले मूल, पालक हयात असूनही सांभाळ करण्यास अयोग्य वा असमर्थ ठरले असे मूल, तसेच वयापूर्वी विवाह होण्याचा धोका असलेले मूल, ही सर्व या अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके होत. अशा बालकास जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे कोणीही लोकसेवक, समाजसेवक वा जागरूक नागरिक हजर करू शकतो. बालक स्वतःही जाऊ शकते. १०९८ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. ग्रामसेवक, तलाठी, जिल्हा परिषदेचे शिक्षक हे सर्व लोकसेवकच आहेत, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

समितीच्या आदेशाचे महत्त्व असे की त्यातून अर्थसाह्याची वाट उघडते. राज्याच्या क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वा अन्य कुटुंबात राहणाऱ्या बालकासाठी दरमहा २,२५० रुपये देण्याची तरतूद २०२३ साली करण्यात आली. त्यापूर्वी ही रक्कम १,१०० रुपये होती. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वाखाली दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. तेथे ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक ७२,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. वर्षाकाठी २७,००० रुपये ही रक्कम परगावच्या खर्चाला पुरते असे नव्हे. परंतु मामाच्या घरी वाढणाऱ्या मुलाच्या नावे काही रक्कम दरमहा येते, एवढ्यानेही त्या घरातील त्याची जागा बदलते.

आता खरी अडचण. ही दोन्ही साह्ये वयाच्या अठराव्या वर्षी थांबतात, आणि बारावीचा निकाल लागतो तो नेमका त्याच सुमारास. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या युवकासाठी अधिनियमाच्या कलम ४६ अन्वये अनुरक्षणाची सोय आहे. मिशन वात्सल्यखाली ते साह्य २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत मिळू शकते. परंतु जो संस्थेत कधी गेलाच नाही, मामाने किंवा आजीने ज्याला सांभाळले, त्याच्यासाठी अठरानंतर अशी साखळी नाही. नातेवाइकांनी जबाबदारी उचलली म्हणून शासनाचा भार हलका झाला, आणि त्याच कारणाने तो मुलगा पुढील साह्यास मुकला, हे धोरणातील व्यंग मानले पाहिजे.

पोटगीच्या कायद्यातही हीच सीमारेषा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) अज्ञान अपत्यास पित्याकडून पोटगी देववते. सज्ञान झाल्यावर शारीरिक वा मानसिक असमर्थता असेल तरच. अविवाहित मुलीची स्थिती काहीशी वेगळी आहे. हिंदू दत्तक व पोटगी अधिनियम, १९५६ च्या कलम २० खाली, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीस सज्ञान झाल्यावरही पित्याकडून पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अभिलाषा विरुद्ध प्रकाश या प्रकरणात स्पष्ट केले; त्यासाठी दाद मात्र दिवाणी वा कुटुंब न्यायालयात मागावी लागते. अर्थात बापाविरुद्ध अर्ज कर, असे मुलाला सांगणे सोपे आहे. ज्या गावात त्याला राहावयाचे आहे तेथे ते निभावणे कठीण. हा उपाय शेवटचाच असावा.

कागदपत्रांचा भाग याहून अधिक त्रासाचा आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास या सर्वांची रचना पित्यापासून सुरू होते. असे समजू, की धामणगाव बढे येथे आजोळी राहणाऱ्या मुलीचे वडील अन्य जिल्ह्यात राहतात आणि तिला ओळखही देत नाहीत. तिने त्यांचे उत्पन्न कोणत्या पुराव्याने सिद्ध करावे? या बाबतीत कायदा लोकसमजाच्या पुढे गेलेला आहे. गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगितले की पिता अपत्याच्या जबाबदारीबाबत उदासीन असेल तर आई ही नैसर्गिक पालक म्हणून काम पाहू शकते. राज्य शासनाने २०२४ साली शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव अनिवार्य केले. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दहा वर्षांवरील अज्ञान व्यक्तीस, बँकेच्या अटींच्या अधीन राहून, स्वतःचे बचत खाते स्वतः चालविता येते. म्हणजे साह्याची रक्कम ‘पालकाच्या खात्यावर’च जावी असे नाही. तरीही खिडकीवरचा पहिला प्रश्न ‘वडील कोठे आहेत?’ हाच असतो.

इंग्लंडमध्ये आईवडिलांशी संबंध तुटलेला विद्यार्थी ही उच्च शिक्षणाच्या अर्थसाह्यासाठी एक मान्य वर्गवारी आहे. अशा विद्यार्थ्याला स्वतंत्र मानून पालकांचे उत्पन्न हिशेबात धरले जात नाही, आणि पुरावा म्हणून शिक्षक, समाजसेवक वा डॉक्टर यांचे पत्र चालते. तेथील समाजरचना निराळी हे खरे. पण परिस्थिती जाणणाऱ्या जबाबदार व्यक्तीच्या लेखी निवेदनाला किंमत द्यावी, ही कल्पना आपल्या तलाठी चौकशीहून फार दूरची नाही.

आपल्याकडे अनाथांच्या बाबतीत असा बदल झालेला आहे. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेल्या आणि अठराव्या वर्षी तेथून बाहेर पडून पुण्यात शिकलेल्या अमृता करवंदे यांनी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत अनाथांना कोणताच प्रवर्ग नसल्याचा प्रश्न शासनापुढे मांडला. त्यानंतर २०१८ साली राज्याने अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. २०२३ साली त्याची संस्थात्मक आणि संस्थाबाह्य अशी विभागणी झाली, आणि जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कमाफीत अनाथ मुलामुलींचा समावेश करण्यात आला. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्यांसाठीच्या पीएम केअर्स योजनेत १८ ते २३ वर्षे मासिक विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये अशी रचना आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून मूल आपल्या पायावर उभे राहत नाही, हे तत्त्व शासनाने येथे स्वीकारले आहे. पालक हयात असूनही टाकलेल्या मुलांना ते लागू होणे बाकी आहे.

तोवर जे हाती आहे ते वेळेवर वापरणे भाग आहे. यात मुख्याध्यापकांचे काम सर्वांत मोठे, आणि ते निकालानंतरचे नसून नववीच्या वर्गातले आहे. कोणाच्या प्रगतिपुस्तकावर आईवडिलांऐवजी दुसऱ्याचीच सही येते, कोण सुट्टीत घरी जात नाही, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असते. त्या मुलाची जन्मतारीख पाहून अठरा वर्षे पूर्ण होण्यास किती अवधी आहे हे काढावे आणि प्रकरण बालकल्याण समितीकडे न्यावे. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाचा अर्ज नेऊन फारसा उपयोग होत नाही. समितीचा आदेश हाती असला की दाखल्याच्या वेळी तलाठी व तहसील कार्यालयापुढे ठेवण्यास तोच उत्तम आधार ठरतो.

ग्रामपंचायतीस यात दुहेरी भूमिका आहे. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असावयाची असते आणि अंगणवाडी सेविका तिच्या सदस्य सचिव असतात. कित्येक ठिकाणी ही समिती केवळ फलकावर आहे. दुसरे असे की स्वउत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. अनुज्ञेय बाबी तपासून त्यातून प्रवेशअर्ज आणि पहिल्या महिन्याच्या प्रवासाचा खर्च भागविता आला, तर शिष्यवृत्ती येईपर्यंतची खिंड लढविता येईल. रक्कम लहान आहे, परंतु ती जूनमध्ये मिळाली पाहिजे. दिवाळीत मिळून उपयोग नाही.

वसतिगृहाचे अर्जही याच वेळी निघतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तिन्हींची कागदपत्रे जवळपास सारखीच आहेत. त्यांचा एक संच शाळेने दहावीच्या परीक्षेपूर्वीच तयार करून एक प्रत कार्यालयात ठेवावी. कारण ज्याला घर नाही, त्याला कागद ठेवावयास पेटीही नसते.