६१७४ : चूक दाखवणारी संख्या

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, हातच्याची वजाबाकी म्हटलं की मुलं कंटाळतात ना? मी वर्गात १८५३ ही संख्या दिली. आपल्या बोरीबंदरावरून पहिली प्रवासी रेल्वे धावली, ते हे वर्ष! अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावायचे आणि वजा करायचं :

८५३१ − १३५८ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = पुन्हा ६१७४च!

चारही अंक सारखे नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. (उत्तर तीन अंकी आलं, तर पुढे शून्य लावा.) हा गुणधर्म देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधला.

सात पायऱ्यांत ६१७४ आलं नाही, तर कुठेतरी हातचा चुकलाय, हे मुलं स्वतःच ओळखतात. बाईंच्या लाल पेनाची भीती उरत नाही. आज घरी मुलांचं जन्मसाल घेऊन करून बघा!