वीज आली, पण गिझर गारच

प्रश्न : वीज जाऊन आली, तेव्हापासून गिझरचं पाणी तापत नाही. काय पाहावं? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : वीज परतताना व्होल्टेज उसळू शकतं आणि एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडू शकते. आधी तीच पाहावी.

एमसीबी वर, तरी गिझरचा दिवा बंद? मग पाणी फार तापल्यास वीज तोडणारा थर्मल कटआउट सुटला असेल. त्याचं बटण झाकणाखाली असतं. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियननेच ते दाबावं. दिवा लागत असेल, तर जरा थांबावं : २००० वॉटला १५ लिटर तापवायला साधारण २० मिनिटं लागतात. तरीही गारच असेल, तर एलिमेंट तपासून घ्यावं.

एमसीबी पुन्हा पडली, तर हट्टाने वर करू नये. एलिमेंट फुटून वीज पाण्यात उतरत असेल, तर जीव जाऊ शकतो.