चिमुकल्या बोटांचें शिक्षण
(गृहशिक्षणाचा धडा : मातापित्यांकरितां व गांवोगांवच्या उपदेशकांकरितां)

शास्त्रभाग : निर्गम ३१:१-५, उत्पत्ति २:१९-२०, मत्तय १३:४७-४८.

धड्याचा हेतु : तीन ते सहा वर्षांच्या बालकांचे हात व बुद्धि घरांतील साध्या वस्तूंनीं कशी तयार करावी, हें समजून घेणें.



चोपडा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं जे पाडे आहेत, त्यांपैकीं एका पाड्यावर कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या हातून एक चूक झाली. रविवारच्या शाळेंत चार वर्षांची एक मुलगी आली होती. मीं तिच्या हातीं पाटी व पेन्सिल दिली आणि तिचें बोट धरून अक्षर गिरवून घेतलें. पेन्सिल वारंवार गळून पडे व मी पुनः पुनः ती तिच्या मुठींत कोंबीत असें. शेवटीं ती रडूं लागली. पुढच्या रविवारीं ती आलीच नाहीं. मी घरीं गेलों तेव्हां तिची आई म्हणाली, "पाळकसाहेब, ही पोर माझ्याजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलते, दाणे एकीकडे न् टरफलें एकीकडे ठेवते. तिला काय येत नाहीं?" त्या बाईस अक्षरओळख नव्हती, परंतु शिक्षणाचा जो पहिला धडा मी विसरलों होतों, तो तिला ठाऊक होता. तोच आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

१. हातांचें काम देवाच्या दृष्टीनें

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायांत देव बसालेलास नांव घेऊन बोलावितो व आपल्या आत्म्यानें परिपूर्ण करितो. कशाकरितां? सोनें, रुपें, पितळ, रत्नें व लांकूड यांवर कारागिरी करण्याकरितां. हातांचें कौशल्य हें देवाचें दान आहे असें येथें स्पष्ट दिसतें. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत आदाम प्राण्यांस नांवें देतो. म्हणजे हा प्राणी त्याहून निराळा आहे हें तो ओळखतो. आणि मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील कोळी किनाऱ्यावर बसून चांगले मासे भांड्यांत घालितात व वाईट टाकून देतात. ओळखणें व निवडणें हा बुद्धीचा आरंभ आहे. ज्या मुलास वाल व हरभरा निराळे करितां येतात, त्यास पुढें "प" व "ष" निराळे करितां येतील.

२. हा विचार नवा नाहीं

जर्मनी देशांत एका लुथरन पाळकाचा पुत्र फ्रेडरिक फ्रबेल यानें १८३७ सालीं लहान मुलांसाठीं खेळांची शाळा काढिली. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांनीं फिलाडेल्फिया शहरीं हीच बालोद्यान पद्धति अभ्यासिली. पुढें १९०७ सालीं डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं रोम शहराच्या गरीब वस्तींत बालगृह उघडिलें.

परंतु त्यांचीं साधनें सुताराकडून घडविलेलीं व महाग; खेड्यांतील गरिबास तीं कोठून परवडणार? हा प्रश्न ताराबाई मोडक यांनीं सोडविला. १९४५ सालीं त्यांनीं अनुताई वाघ यांच्यासह ठाणे जिल्ह्यांतील (आतां पालघर जिल्हा) बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें काम आरंभिलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. शंख, शिंपले, खडे, पानें, काड्या यांचींच साधनें झालीं. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली बांधवांमध्यें गेलें. सरकारची बालविकास योजना १९७५ सालीं २ ऑक्टोबरास सुरू झाली व तिच्या अंगणवाड्या आज गांवोगांवीं आहेत. आपल्या मुलांस तेथें अवश्य पाठवावें. हा धडा अंगणवाडीच्या जागीं नव्हे, तर तिच्या मदतीस आहे.

३. पेन्सिल उशिरां कां?

मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं कुरकुरीत कूर्चेचीं असतात व एकामागून एक कठीण होत जातात. तिसऱ्या वर्षीं त्यांपैकीं तीन-चारच तयार झालेलीं असतात; सर्व तयार होण्यास दहा-बारा वर्षें लागतात. मूल प्रथम मुठीनें धरतें, मग अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीनें, आणि पुष्कळ सरावानंतर तीन बोटांनीं. ही तीन बोटें बळकट होण्यापूर्वीं बळेंच लिहविणें म्हणजे कोंवळ्या वासराच्या मानेवर जूं ठेवणें होय.

४. घरचीं साधनें

निवडणें. प्रथम कांदे व लिंबें अशा दोन मोठ्या वस्तु दोन टोपल्यांत निरनिराळ्या ठेवण्यास सांगावें. मग तापीच्या वाळवंटांतील लहान व मोठे गोटे. चौथ्या वर्षानंतर वाल, हरभरा व मका एकत्र करून तीन करवंट्यांत किंवा पळसाच्या द्रोणांत निवडावयास द्यावें. तें साधलें म्हणजे एकाच ढिगाची वांटणी एकदां रंगानें व एकदां आकारानें करावयास सांगावें. मूल आपल्या मनानें निराळीच वांटणी करील, तर "चुकलें" असें म्हणूं नये, "हें येथें कां ठेविलेंस?" असें विचारावें. त्याच्या उत्तरांत त्याची बुद्धि दिसेल.

सोलणें. तुरीच्या व वाटाण्याच्या शेंगा, लसणाच्या पाकळ्या. चिमटीस याहून चांगला व्यायाम नाहीं.

ओंवणें. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो वाळवून मोठ्यांनीं त्याचे बोटभर तुकडे करावे. सुतळीच्या टोंकास मेण लावून तें ताठ करावें व तुकडे ओंवावयास द्यावे.

विणणें. आपल्याकडे केळीचे मळे पुष्कळ. केळीच्या सोपटाचे वाळलेले पट्टे घेऊन पांच-सहा वर्षांच्या मुलास तीनपदरी वेणी घालण्यास शिकवावें.

मळणें. ओली माती किंवा मूठभर कणीक. मुलानें चूल करावी, बैल करावा, मोडावा व पुनः करावा.

ओतणें व बांधणें. तांब्यांतून पेल्यांत पाणी ओतणें, बापाच्या जुन्या सदऱ्याचीं बटनें लावणें व काढणें, दोरीस गांठ मारणें, जुना कागद सरळ पट्ट्यांत फाडणें. या साप्ताहिकाचा जुना अंकहि वाचून झाल्यावर या कामीं यावा.

या सर्वांस रोज दहा-पंधरा मिनिटें पुरेत. वस्तूंचें नांव मुलाच्या घरच्या भाषेंतच सांगावें, मग ती अहिराणी असो, पावरी असो कीं भिली. आईची भाषा पक्की झाली म्हणजे मराठी तिच्यावर सहज उभी राहते.

५. जपण्याच्या गोष्टी

पहिली : तीन वर्षांखालील मुलाजवळ सव्वा इंचाहून लहान वस्तु ठेवूं नये, ती घशांत अडकून प्राण जातो. दाणा नाकांत किंवा कानांत गेला तर तो काडीनें काढूं नये, दवाखान्यांत न्यावें. मोठ्या मुलांचाहि खेळ मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोरच व्हावा व शेवटीं दाणे उचलून ठेवावे.

दुसरी : गुंजा दिसावयास सुंदर, परंतु त्यांत भयंकर विष आहे, एरंडाच्या बियांतहि तसेंच. या दोन्ही आपल्या कुंपणांवर सहज सांपडतात. त्या कधींहि मुलांच्या हातीं देऊं नयेत.

तिसरी : पेरणीचें रंगीत सरकीचें बियाणें औषध लाविलेलें असतें. तें व फवारणीच्या रिकाम्या बाटल्या-डबे यांचें खेळणें कधींहि करूं नये. कितीहि धुतलें तरी विष जाईल असा भरंवसा नाहीं.

चौथी : मूल डाव्या हातानें काम करील तर त्याच्या हातावर मारूं नये. शास्ते ३:१५ व २०:१६ पाहावें. डावखुऱ्या मनुष्यांकडूनहि देवानें कार्य घेतलें आहे. परंतु दीड वर्षाच्या आंतील बालक एकच हात चालवून दुसरा मुळींच चालवीत नसेल, तर तें डॉक्टरास अवश्य दाखवावें.

पांचवी : खेळ व मजुरी यांतील भेद विसरूं नये. मूल आईजवळ बसून शेंगा सोलतें, कंटाळलें म्हणजे उठून जातें; हें शिक्षण होय. तेंच मूल दिवसभर कापूस वेंचण्यास लाविलें, तर तें त्याचें बालपण हिरावून घेणें होय.

६. उपदेशकांस विनंति

प्रत्येक मंडळींत एक टोपली ठेवावी. तींत करवंट्या, गोटे, सुतळी, देठांचे तुकडे व जुने कपडे असावे. पैसा लागत नाहीं, काळजी मात्र लागते. भक्तीच्या वेळीं लहान मुलें रडतात म्हणून आया दाराबाहेर बसतात. त्यांच्यासाठीं अंगणांत चटई घालून ही टोपली पुढें ठेवावी, आणि मंडळींतील एका समंजस भगिनीस तेथें बसवावें. मुलगा व मुलगी यांत भेद करूं नये. कणकेचा बैल मुलीनें करावा व लसूण मुलानेंहि सोलावा.

त्या मुलीचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. मी पाटी घरीं ठेवून तुरीच्या शेंगा घेऊन तिच्या ओसरीवर गेलों. आम्ही दोघांनीं त्या सोलल्या. माझ्याहून तिचेच दाणे अधिक निघाले, आणि ती हंसली. त्यानंतरच्या रविवारीं ती आपल्या धाकट्या भावास कडेवर घेऊन आली. अक्षरें तिला पुढें सावकाश आलीं. ज्या प्रभूनें सुताराच्या घरीं राहून आपले हात कामास लाविले, तो आपल्या बालकांच्या चिमुकल्या बोटांस आशीर्वाद देवो.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न

१. देवानें बसालेलास कोणत्या कामाकरितां आपल्या आत्म्यानें भरलें? त्यावरून हातांच्या कामाविषयीं आपण काय शिकतों?
२. आपल्या घरांत मुलास निवडण्यास, सोलण्यास व ओंवण्यास कोणत्या वस्तु आहेत? पांच नांवें सांगा.
३. आपल्या अंगणांतून आजच दूर कराव्या अशा कोणत्या वस्तु आहेत?
४. येत्या आठवड्यांत मुलाजवळ रोज पंधरा मिनिटें कोण बसेल? आई, बाप, कीं आजी?