पाव, बिस्किटे आणि वेष्टनावरील शब्द
सेंद्रिय व वनस्पतिजन्य बेकरी-पदार्थांची पारख

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान एचएसआर लेआउट नावाची मोठी वसाहत आहे. या दोन रस्त्यांच्या नावांवरूनच तिला हे नाव मिळाले. तेथील दुकानांत गेल्यास पावाच्या, बिस्किटांच्या आणि केकच्या वेष्टनांवर 'सेंद्रिय', 'व्हीगन', 'अंडेविरहित', 'मैदाविरहित' असे अनेक शब्द छापलेले दिसतात. पुणे, मुंबई, नागपूर या शहरांतही आता हेच दृश्य दिसते. या शब्दांचा नेमका अर्थ कोणता, त्यांतील कोणत्या शब्दाला कायद्याचा आधार आहे, आणि त्यांच्यावरून पदार्थाच्या गुणवत्तेविषयी किती सांगता येते, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

हा विचार केवळ कुतूहलापोटी करावयाचा नाही. ज्या मुलाला दुधातील प्रथिनांची अधिहृषता म्हणजे ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत एका शब्दाचा चुकीचा अर्थ जिवावर बेतू शकतो. ज्याला मधुमेह आहे, त्याने 'सेंद्रिय' हा शब्द वाचून निःशंक मनाने केक खाल्ला तर रक्तातील साखर वाढल्यावाचून राहत नाही.

तीन निरनिराळे प्रश्न

वेष्टनावरील शब्द तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. 'सेंद्रिय' हा शब्द धान्य कसे पिकविले ते सांगतो. 'व्हीगन' हा शब्द घटक प्राण्यांपासून आले की नाहीत ते सांगतो. पदार्थ आरोग्याला कितपत हितकर आहे, हा तिसरा प्रश्न असून त्याचे उत्तर वरील दोन्ही शब्दांत मिळत नाही. सेंद्रिय गव्हाचा मैदा हा शेवटी मैदाच असतो आणि सेंद्रिय उसाची साखर ही साखरच असते.

भारतात सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१७ साली केले. त्यांनुसार 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या वेष्टित पदार्थाला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा सहभागी हमी पद्धतीचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि त्याच्यावर 'जैविक भारत' हे चिन्ह असते. स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्यांना यातून सूट आहे. बिस्किटासारख्या अनेक घटकांच्या पदार्थात पाणी आणि मीठ वगळून उरलेल्या घटकांपैकी किमान ९५ टक्के प्रमाणित असावे लागतात. म्हणून केवळ 'नैसर्गिक' किंवा 'शेतातून थेट' असे छापलेले असेल आणि चिन्ह नसेल, तर तो शब्द विक्रेत्याचा समजावा, कायद्याचा नव्हे.

व्हीगन अन्नासंबंधीचे विनियम २०२२ साली आले. त्यांनुसार अशा पदार्थात दूध, अंडी, मध, मांस किंवा प्राण्यांपासून मिळालेले कोणतेही द्रव्य असता कामा नये. ही अट प्रक्रियेसाठी वापरलेल्या साहाय्यक द्रव्यांनाही लागू आहे. अशा पदार्थासाठी इंग्रजी 'व्ही' अक्षराचे हिरवे चिन्ह ठरविण्यात आले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चौकोनातील हिरवा ठिपका हे शाकाहाराचे चिन्ह आहे. शाकाहारी पदार्थात दूध, लोणी, तूप आणि मध असू शकतात. बंगळूरमध्ये हासन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगार कुटुंबांनी सुरू केलेल्या बेकऱ्यांची परंपरा जुनी असून त्या अंडी न वापरण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. आपल्याकडील नानकटाईतही अंडे नसते. तरीही लोणी-तुपामुळे असे पदार्थ व्हीगन ठरत नाहीत. 'अंडेविरहित' आणि 'व्हीगन' हे शब्द समानार्थी नाहीत.

भट्टीत अंडे आणि लोणी काय करतात?

एखादा घटक काढून टाकला की त्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. म्हणून ते काम आधी समजावून घेतले पाहिजे.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांपासून ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. यीस्टने निर्माण केलेला कार्बन डायऑक्साइड या जाळ्यात अडकतो आणि पाव फुगतो. यीस्ट सजीव असताना ते व्हीगन कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ती प्राणी नव्हे, म्हणून ती चालते. साधा पाव पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावर होतो. त्यामुळे पाव व्हीगन करणे फारसे अवघड नाही.

केकची गोष्ट वेगळी आहे. त्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ पुष्कळ असल्यामुळे ग्लुटेनचे जाळे दुबळे राहते. ही उणीव अंडे भरून काढते. फेटले असता ते हवा धरून ठेवते. त्याच्या बलकातील लेसिथिन तेल आणि पाणी यांचा मेळ घालते. भट्टीत ६० ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास त्याची प्रथिने गोठू लागतात आणि केकचा सांगाडा उभा राहतो. अंडे वगळल्यास या तिन्ही कामांसाठी निरनिराळी द्रव्ये योजावी लागतात. हवेसाठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, मेळासाठी सोयाबीनचे लेसिथिन, आणि बांधणीसाठी जवसाचे पीठ, स्टार्च किंवा डिंक वापरतात. हरभरे शिजविलेले पाणी फेटल्यास अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. हे २०१४ साली फ्रान्समध्ये दाखविले गेल्यानंतर तेही वापरात आले आहे.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असून पाणी जवळजवळ ९७ अंशांवर उकळते. कमी दाबामुळे पिठातील वायू अधिक प्रसरण पावतो. अशा वेळी सांगाडा उभा राहण्यापूर्वीच केक फुगून खाली बसण्याचा संभव असतो, आणि अंडे नसल्यास तो वाढतो. म्हणून मध्यभागी दबलेला केक शिळाच असेल असे नाही. त्याचे प्रमाण चुकलेले असू शकते.

अंड्याऐवजी घातलेली द्रव्ये त्याचे भट्टीतील काम करतात, परंतु त्याचे पोषण देत नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. त्याच्या जागी घातलेल्या चमचाभर जवसाच्या पिठात जेमतेम दीड ग्रॅम असतात. अंड्या-दुधातून मिळणारे ब१२ जीवनसत्त्वही वनस्पतींतून मिळत नाही. जे कुटुंब प्राणिजन्य अन्न पूर्णपणे वर्ज्य करते, त्याने याची वेगळी सोय केली पाहिजे.

स्निग्ध पदार्थांचा इतिहास आणि धोका

लोणी थंड असताना घट्ट असते आणि तोंडात विरघळते. त्याला पर्याय शोधण्याचा प्रयत्न जुना आहे. १८६९ साली फ्रान्समध्ये मेज-मूरिए याने मार्गारिन तयार केले. आज वनस्पतिजन्य समजले जाणारे हे द्रव्य आरंभी गुरांच्या चरबीपासून केले जात असे. पुढे १९०२ साली जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन याने द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. आपल्याकडील वनस्पती तूप याच पद्धतीचे फळ होय.

ही क्रिया अर्धवट केली असता तेलात ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात. ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात. त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतात औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली.

उत्पादकांनी यावर पामतेल आणि खोबरेल हे उपाय शोधले. ही तेले व्हीगन आहेत आणि सेंद्रियही असू शकतात. परंतु पामतेलात सुमारे निम्मी आणि खोबरेलात सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. म्हणजे खोबरेलातील संपृक्त मेदाचे प्रमाण लोण्यातील मेदाहूनही अधिक असते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळते. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी दुकानात ठेवलेल्या काही व्हीगन बिस्किटांचा कागद तेलकट होतो.

यादी कशी वाचावी?

वेष्टनाच्या पुढील बाजूस विक्रेता बोलतो, तर मागील बाजूस कायदा बोलतो. मागील बाजूकडे आपण अधिक वेळ द्यावा.

पहिला नियम असा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिली तीन नावे वाचली म्हणजे पदार्थाचे स्वरूप बहुतांशी कळते. नाचणी हे कर्नाटकाचे आणि महाराष्ट्राचेही जुने धान्य आहे. तिच्यात दर १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, परंतु ग्लुटेन नसते. म्हणून 'नाचणीच्या' बिस्किटात पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचे पीठ आघाडीवर असते. ज्या घटकाचे नाव किंवा चित्र ठळकपणे छापले असेल, त्याची टक्केवारी द्यावी लागते. ती शोधून पाहावी. नाचणी ६ टक्केच असेल, तर ते नाचणी घातलेले बिस्किट म्हणावे, नाचणीचे बिस्किट नव्हे.

दुसरी गोष्ट पिठाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी असतात. पावाचा तपकिरी रंग हा कोंड्याचा पुरावा नव्हे. कॅरमेल रंगानेही तसा रंग येतो, आणि तो वापरला असल्यास यादीत १५० या क्रमांकाने दिसतो.

तिसरी गोष्ट क्रमांकांची. सर्वच क्रमांक भीतिदायक नसतात. ५०० म्हणजे खाण्याचा सोडा, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३२२ म्हणजे लेसिथिन आणि २८२ म्हणजे बुरशी रोखणारे कॅल्शियम प्रोपिओनेट. मात्र काही द्रव्यांचे मूळ क्रमांकावरून कळत नाही. ४७१ हे पायसकारक द्रव्य वनस्पती तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून, दोन्ही प्रकारे करता येते. पीठ मऊ करणारे ९२० हे सिस्टीन पक्ष्यांच्या पिसांपासूनही काढले जाते. १२० हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. व्हीगन चिन्हाचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

चौथी गोष्ट अधिहृषतेच्या सूचनेची. ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, भुईमूग, कवचफळे, सोयाबीन यांचा उल्लेख कायद्याने आवश्यक आहे. जेथे एकाच भट्टीत लोण्याचा केक आणि व्हीगन केक भाजले जातात, तेथे दुधाचा अंश मिसळू शकतो. म्हणून दुधाची अधिहृषता असलेल्या मुलासाठी व्हीगन चिन्ह पुरेसे नाही. 'दुधाचा अंश असू शकतो' असे वाक्य आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. शिवाय व्हीगन पदार्थात दूध-लोण्याच्या जागी काजू, बदाम किंवा सोयाबीन येते, आणि तेही काहींना बाधते. काचेच्या कपाटातून सुटा विकला जाणारा केक घेताना यादी हाती नसते. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि उत्तर खात्रीचे नसेल तर तो पदार्थ घेऊ नये.

एक बोलके उदाहरण

घटकांवर देखरेख का हवी, हे २०१६ सालच्या घटनेवरून कळते. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने पाव व तत्सम पदार्थांच्या ३८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट यांचा अंश आढळला. ब्रोमेट ग्लुटेनचे जाळे बळकट करते आणि पाव शुभ्र व फुगीर करते. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग संभवनीय असलेल्या द्रव्यांत त्याची गणना केली होती. त्यानंतर जून २०१६ मध्ये भारतात त्याच्या वापरावर बंदी आली. ब्रोमेट हे खनिज द्रव्य आहे, प्राणिजन्य नव्हे. तो पाव केवळ घटकांच्या मूळाकडे पाहता 'वनस्पतिजन्य' ठरला असता, पण तेवढ्याने सुरक्षित ठरला नसता. लोकांनी तपासणी केली म्हणूनच दोष उघड झाला, हे यातून शिकण्यासारखे आहे.

शाळेत करून पाहण्याजोगे प्रयोग

१. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवा आणि पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत धुवा. स्टार्च वाहून जाईल व हातात चिवट गोळा उरेल. तेच ग्लुटेन. नाचणीच्या पिठाचे असेच करा. काही उरते काय ते पाहा.

२. दोन प्रकारची बिस्किटे सारख्या वजनाची घेऊन कुस्करा आणि कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. कागद उजेडासमोर धरून तेलाच्या डागांची तुलना करा. व्हीगन बिस्किटाचा डाग लहान असतोच, असे नाही.

३. पाच वेष्टने जमवा. प्रत्येकातील पहिले तीन घटक, दर १०० ग्रॅममधील साखर आणि संपृक्त मेद यांचे कोष्टक करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी अतिरिक्त साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा. २००० किलोकॅलरींच्या आहारात हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम होते. शंभर ग्रॅम बिस्किटे खाल्ल्यास त्यातील किती भाग संपतो, ते काढा. नंतर वेष्टनाच्या पुढील बाजूवरील शब्दांशी या आकड्यांची तुलना करा.

सारांश, सेंद्रिय शेतीचा जमिनीला आणि शेतकऱ्याला लाभ होऊ शकतो, आणि प्राण्यांविषयीच्या करुणेतून कोणी व्हीगन अन्न पसंत करील, तर ती निवड आदरणीय आहे. या दोन्ही निवडींना प्रामाणिक चिन्हांचा आधार असावा हे योग्यच होय. परंतु पदार्थ पौष्टिक आहे की नाही, हे पीठ, साखर, मेद आणि मीठ यांच्या प्रमाणावरूनच ठरते. ते प्रमाण वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि ती अक्षरे वाचण्याची सवय शाळेच्या वयातच लावून घेतली पाहिजे.